पाणी असं येत नाही

गेल्या जूनमधली गोष्ट. वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते, पाऊस धरून आलेला, छत्री दारातच उघडी ठेवून आत शिरले आणि सवयीप्रमाणं पहिल्यांदा कादंबऱ्यांच्या रॅककडं गेले, जिथं माझी कादंबरी असते. स्वतःचे पैसे घालून पुस्तक छापलेल्या माणसाला हे समजेल, की आपण एक प्रत वाचनालयाला भेट देतो आणि मग कुठल्याही निमित्तानं तिथं गेलं की ती जागेवर आहे का कुणी नेलीय एवढं बघतोच. जागेवर नसली तर घरी जाताना पाय हलके होतात. त्या दिवशी होती. काढली, मागची तारखांची पट्टी बघितली, तीन शिक्के होते, आधी दोनच होते. म्हणजे उन्हाळ्यात कुणीतरी नेऊन वाचली होती. कोण असेल, कुठं बसून वाचली असेल, शेवटपर्यंत पोचलं असेल का, असं काहीबाही मनात येत पानं उलटत होते आणि ११२ नंबरच्या पानावर समासात पेन्सिलनं लिहिलेलं दिसलं.

पाणी असं येत नाही.

चारच शब्द, पुढं पूर्णविराम. अक्षर जुन्या वळणाचं, आधी अक्षरं काढून घेतलेली आणि मग वरनं एका दमात शिरोरेघ ओढलेली, पेन्सिल बोथट असावी कारण रेघ जाड होती. खाली सही नाही, उद्गारचिन्ह नाही, चिडून लिहिल्यासारखं तर अजिबात नाही. शाळेत गणिताच्या वहीत बाई उत्तराशेजारी एक छोटी खूण करायच्या आणि पुढं जायच्या ना, तसं. त्या पानावर माझ्या कादंबरीतल्या बाईच्या घरात कृष्णेचा पूर शिरतो. रात्रीचे दोन वाजलेत, आधी लांबनं घोंगावल्यासारखा आवाज येतो, मग दार धाडकन फुटतं आणि लोंढा आत येऊन तिचं शिलाई मशीन उचलून नेतो. मला ते पान फार आवडायचं. प्रकाशनाच्या दिवशी मी तेच वाचून दाखवलेलं, आणि वाचून झाल्यावर क्षणभर सगळे गप्प होते, मग टाळ्या. त्या टाळ्या मी दोन वर्षं जपून ठेवल्या होत्या.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा रागच आला. वाचनालयाच्या पुस्तकांत लोक काय काय लिहून ठेवतात ते आपण सगळ्यांनीच बघितलंय, रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुनी कोण ते लिहिलेलं असतं, कुठं ‘शेवट चांगला नाही, नेऊ नये’ असतं, कुठं दुकानाचा हिशेब असतो. मला वाटलं असाच कुणीतरी असेल, वेळ जात नसेल. पुस्तक जागेवर ठेवलं, दुसरं एक घेतलं, शिक्का मारून घेतला आणि बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर कळलं की छत्री तिथंच राहिली.

आता सांगलीबाहेरच्या लोकांना एक सांगायला पाहिजे, की मी विश्रामबागला राहते. विश्रामबाग उंचावर आहे. ऑगस्ट २०१९ मधे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्यानं ५७ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा गावभाग, दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, सगळं पाण्याखाली होतं आणि आमच्या गॅलरीतली तुळस कोरडी होती. लाईट गेली, दूध मिळेना, पेट्रोल मिळेना, एवढंच आम्ही सोसलं. मी रोज एका मंगल कार्यालयात चपात्या लाटायला जायचे. तिथं गावातनं आलेल्या बायका असायच्या, कुणी भिजलेल्या साडीवरच, कुणी लेकराचा दप्तरासकट हात धरून, आणि दर अर्ध्या तासानं कुणीतरी विचारायचं, “आयर्विनला किती?” आणि कुणीतरी आकडा सांगायचं. मी त्यांच्याशेजारी बसून पीठ मळलं, त्यांना पाणी दिलं, चहा दिला, पण एकीलाही विचारलं नाही की तुमच्या घरात पाणी आलं कसं. तेव्हा विचारणं बरं दिसलं नसतं हे खरं आहे. पण नंतरही विचारलं नाही. नंतर मी टीव्हीवरचे आणि मोबाईलवर आलेले व्हिडिओ बघितले, लॉकडाऊनमधे लिहायला बसले आणि जे मनाला दिसलं ते लिहिलं.

माझं लिहिणं पहाटे होतं. पावणेपाचला उठते, ओट्याशेजारच्या टेबलावर बसते, साडेसहाला नळाला पाणी येतं तोवरचा वेळ माझा. पाणी आलं की संपलं, मग पिंप, कळशा, डबे, आणि आठ वाजता मिरजेची बस. मिरजेला एका दवाखान्यात बिलिंगला आहे. काचेपलीकडं दिवसभर माणसं येतात, निम्मी कर्नाटकातली, कन्नड आणि मराठी मिसळून बोलतात, आणि पैशाची वेळ आली की माणूस जसं बोलतो तसं दुसऱ्या कशाच्या वेळी बोलत नाही. “थोडं थांबून भरलं तर चालेल का हो” या एका वाक्याच्या मी वीस-पंचवीस तऱ्हा ऐकल्यात. त्या मी रद्द झालेल्या बिलांच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवते आणि रात्री वहीत उतरवते. अशा अकरा वह्या आहेत. आता वाटतं, पैशाचं बोलणं मी इतकं कान देऊन ऐकलं, मग पाण्याचं का नाही ऐकलं? बिलाबद्दलचं एक वाक्य खोटं लिहिलं असतं तर माझं मला लगेच समजलं असतं, पेन पुढं सरकलं नसतं. पुराच्या पानावर पेन एकदाही अडखळलं नव्हतं. एका सकाळी, एका बैठकीत झालेलं पान ते. तेव्हा मला वाटलेलं की हे आपोआप आलं म्हणजे चांगलंच असणार.

कादंबरी पूर्ण झाल्यावर एका प्रकाशकांकडं दिली होती. चौदा महिने त्यांच्याकडं होती. फोन केला की “वाचतोय, कळवतो” म्हणायचे. शेवटी मी स्वतः जाऊन परत घेऊन आले. पहिल्या पाच पानांना मी टाचणी लावली होती, ती तशीच, तिच्याखाली गंजाचा ठिपका उमटलेला. बसमधे मांडीवर ते बाड घेऊन बसले होते आणि मिरज येईपर्यंत ठरवलं, आपणच काढायचं. भिशीचा नंबर त्या महिन्यात लागला होता, त्यात थोडी मोडतोड करून ४८ हजार उभे केले. मग फर्मा म्हणजे सोळा पानं, आपलं पुस्तक अकरा फर्म्यांत बसवायचं म्हणजे १७६ पानं, कागद नॅचरल शेडचा ७० जीएसएम, हे सगळं शिकत गेले. मी युनिकोडमधे टाईप केलेलं, डीटीपीवाल्याकडं श्रीलिपी, म्हणजे वेगळ्या पद्धतीचे फॉन्ट, ते बदलून घेताना ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘सुऱ्या’ असल्या प्रत्येक शब्दातला र तुटला. माझी मुलगी आणि मी तीन रात्री जागून एकेक ‘ऱ्या’ शोधला, ती लाल पेननं गोल करायची आणि मी पान नंबर लिहायचे, आणि दोघींना वाटत होतं आपण पुस्तकातल्या सगळ्या चुका काढतोय. ३०० प्रती आल्या तेव्हा टेम्पोवाल्यानं गठ्ठे जिन्यात उतरवले आणि आख्ख्या जिन्याला शाईचा आणि डिंकाचा वास सुटला होता. तो वास मला अजून आठवतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीहून मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत, फक्त अर्ज नीट भरावा लागतो, त्यात प्रकाशक म्हणून मी माझंच नाव लिहिलं. मग समजलं की १९५४ चा एक कायदा आहे, पुस्तक छापून आलं की तीस दिवसांत एक प्रत कलकत्त्याच्या नॅशनल लायब्ररीला, एक चेन्नईच्या कोनेमारा लायब्ररीला, एक दिल्ली पब्लिक लायब्ररीला आणि एक मुंबईला टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला, आपल्या खर्चानं पाठवायची. किती जण पाठवतात माहीत नाही, मी पाठवली. पोस्टात काउंटरवरच्या बाईंनी पत्ता वाचून विचारलं, “कलकत्त्याला कोण तुमचं?” मी म्हटलं, पुस्तक चाललंय. घरी येताना मला इतकं भरून आलं होतं. हुगळीकाठच्या त्या शहरात एका कपाटात कृष्णाकाठचं एक पुस्तक राहणार, मी नसेन तेव्हाही राहणार. पेन्सिलीतलं ते वाक्य वाचल्यावर दोन दिवसांनी रात्री झोपेतनं जागी झाले आणि हेच डोक्यात आलं, की तिथं, चेन्नईला, दिल्लीला, मुंबईला, चारही ठिकाणी ११२ नंबरच्या पानावर दार फोडून लोंढा आत येतोय.

आणि इतक्या लोकांनी वाचलं, एकालाही दिसलं नाही?

पहिला खर्डा मी सहाजणांना दिला होता. मैत्रिणी, एक मामेभाऊ, दवाखान्यातल्या एक सिस्टर. सगळ्यांनी मनापासून वाचलं. “एका बैठकीत संपवलं”, “रडले मी”, “पुराचं तर डोळ्यासमोर उभं राहिलं”. मी ते मेसेज स्टार करून ठेवलेत. त्यांचं प्रेम खरं आहे, त्यात शंका नाही. पण सहाही जण विश्रामबागचे, कुपवाडचे, मिरजेचे, पुण्याचे. पूर सगळ्यांनी माझ्यासारखाच बघितलेला, वरनं. आणि घरात एक माणूस असं होतं ज्यांनी खरंच बघितला होता, माझ्या सासूबाई, हरिपूरच्या. त्यांनी कादंबरी पहिल्या आठवड्यातच वाचून काढली होती, चष्मा लावून, दुपारी, रोज दहा-पंधरा पानं. काही बोलल्या नव्हत्या, फक्त संपल्यावर पुस्तक देवघरातल्या फळीवर नेऊन ठेवलं होतं. मीही विचारलं नव्हतं. आता विचारलं. पान काढून दिलं आणि म्हटलं, आई, हे असं होतं का हो? त्यांनी पुन्हा सगळं वाचलं. मग म्हणाल्या, “न्हाई. असं कुठं असतंय.” मी म्हटलं, मग तेव्हाच सांगायचं की. तर त्या अगदी सरळ म्हणाल्या, “मला वाटलं पुस्तकातलं पाणी असंच येत असंल.”

ते वाक्य मला पेन्सिलपेक्षा जास्त लागलं. त्यांनी आयुष्यभर पोथ्या वाचल्या, मासिकं वाचली, वर्तमानपत्रातल्या पुरवण्या वाचल्या, आणि त्या वाचण्यातनं त्यांच्या मनात हे बसलं होतं की पुस्तकात आपलं पाणी नसतं, तिथलं वेगळं असतं, ते लेखकांना माहीत. आणि मी, ज्यांच्या हातचं जेवते त्यांच्याच घरातलं माणूस, मीही त्यांना तेच दिलं. मग त्या आपणहून हरिपूरच्या हळदीच्या पेवांचं सांगायला लागल्या, जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, वरनं पाऊस पडला तरी आत हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची अशी तिथली माती. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तर माणूस. २००५ च्या पुरात बरीचशी पेवं गेली. त्यांच्या वडलांच्या ओळखीतल्या एकांची हळद आत होती, पाणी ओसरल्यावर तोंड उघडलं तर आतनं पिवळा चिखल आणि एक उग्र वास, जो म्हणे त्या गल्लीत दिवाळीपर्यंत होता. सतरा वर्षं मी त्यांच्याबरोबर एका घरात राहतेय, हे कधी ऐकलं नव्हतं. मी लिहीत बसलेली असले की त्या स्वयंपाकघरात येताना पाय न वाजवता यायच्या, माझं लिहिणं मोडू नये म्हणून.

वाचण्याचंही बोलायला पाहिजे, कारण दोष तिथंही आहे असं मला वाटायला लागलंय. लहानपणी मला वाचनाची गोडी दिवाळी अंकांनी लावली. १९०९ ला पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासनं ही गोष्ट मराठी माणसाच्या घरात फराळाशेजारी आहे, आमच्या घरात ती फेब्रुवारीत यायची, कारण वडील वाचनालयाची अंक योजना लावायचे आणि चांगले अंक आमच्यापर्यंत येईतोवर बाकीच्यांचे वाचून व्हायचे. पानांवर चकलीच्या तेलाचे डाग, कोडं आधीच कुणीतरी सोडवलेलं. मी त्या कथांमधनं माणसं कशी रडतात, घर कसं सोडतात, पाऊस कसा पडतो हे सगळं शिकले. आणि मग आपलं लिहिताना पाऊस आठवायच्या ऐवजी त्या कथांतला पाऊस आठवायचा. हे मला माहीत होतं, म्हणून कादंबरी लिहीत असताना मी कादंबऱ्या वाचतच नाही, दुसऱ्याची लय हाताला लागते. त्या महिन्यांत मी पंचांग वाचते, जुन्या पाककृती वाचते, आणि सगळ्यात आवडीनं वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा. ज्यांना त्या रुक्ष वाटतात त्यांनी एकदा सलग आठवडाभर वाचून बघाव्यात. सिटी सर्व्हे नंबर, पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर चतुःसीमा, मयत अमुक यांचे वारस, त्यातली एक बहीण लग्न होऊन कुठंतरी लांब, आणि शेवटी, सदर मिळकतीबाबत कुणाची काही हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. एवढ्या बारीक टायपात आख्खं घर फुटलेलं असतं. अशाच एका सकाळी ते ‘हरकत असल्यास’ वाचताना मी थांबले. मी तरी पुस्तक छापलं म्हणजे काय केलं होतं, हा पूर माझा आहे, ही बाई माझी आहे, असं जाहीरच केलं होतं की. आणि कुणाची तरी हरकत होती. त्यांनी ती लेखी कळवली होती. पंधरा दिवसांत नाही, दोन वर्षांनी, पण कळवली होती.

पुढच्या शनिवारी छत्री आणायला म्हणून वाचनालयात गेले. काउंटरवरच्या ताई बारा-तेरा वर्षं तिथं आहेत, पगार नावाला, पण अनुदान येवो न येवो, दार वेळेवर उघडतात. त्या गावभागातच राहतात हे मला माहीत होतं. त्यांना पान दाखवलं. त्यांनी वाचलं, समासातलंही वाचलं, आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ताई, मला सांगा, कसं येतं?

“आवाज येत नाही ओ मॅडम,” त्या म्हणाल्या. “हेच तर आहे. आवाज येत नाही.”

मग त्या बोलत राहिल्या आणि मी लिहीत राहिले, मधे दोन सभासद आले, त्यांना पुस्तकं देऊन पुन्हा बोलायला लागल्या. पाणी दारातनं येतच नाही पहिल्यांदा. ते मोरीतनं येतं. नदी गटारात शिरते आणि गटार घरात. आधी मोरीच्या जाळीत गुडगुड होतं, एखादा बुडबुडा, माणूस म्हणतो तुंबली वाटतं. त्याच्याही आधी झुरळं निघतात, भिंतीवर वर वर चढत जातात, रांगेनं. मग काळं पाणी जाळीवर येऊन नुसतं उभं राहतं. वाढत नाही असंच वाटतं. तुम्ही स्वयंपाक करता, परत येऊन बघता, तर उंबऱ्याला लागलेलं असतं. आणि तरी माणूस घर सोडत नाही, कारण भिंतीवर २००५ ची खूण असते, तेव्हा इथंपर्यंत आलेलं, त्याच्या वर येणार नाही, सगळे जण त्या खुणेवर विसंबून. त्यांनीही गव्हाचं पोतं, टीव्ही, मुलाची पुस्तकं त्या रेघेच्या वर हातभर उंचीवर रचून ठेवली आणि निघाल्या. पाणी त्या रेघेला लागलं आणि पुढं गेलं. आठवड्यानं परत आल्या तर दार फुगून बसलेलं, उघडेना. आत गव्हाला आंबूस दारूसारखा वास. सिलेंडर तरंगत जाऊन देव्हाऱ्याला टेकलेला.

आणि वाचनालय? मी विचारलं. त्या उठल्या, मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं जुनी लोखंडी कपाटं आहेत, रंग दिलेला आहे पण खालचे तीन कप्पे अजून बाहेरच्या बाजूला फुगलेले दिसतात. मागणी जास्त म्हणून कादंबऱ्या खाली हाताशी ठेवलेल्या, कविता सगळ्यात वर. पाणी ओसरल्यावर कादंबऱ्या बाहेर काढायला गेल्या तर एकही पुस्तक हलेना. भिजून फुगली होती आणि एकमेकांत इतकी घट्ट बसली होती की सगळ्या रांगेचा मिळून एकच ठोकळा झालेला, पत्रा वाकलेला. शेवटी पहार लावून काढली. “चिरा काढल्यासारखी काढली,” त्या म्हणाल्या, आणि हातानं करून दाखवलं, दोन्ही हातात काल्पनिक पहार, अंग मागं टाकून. बोटांनी कप्प्याची कड धरून बोलत होत्या. वरच्या फळीवरच्या कविता कोरड्या राहिल्या, पण त्यांनाही वास लागला, आजही पावसाळ्यात उघडलं की येतो. मी एक काढून हुंगलं. नदीचा वास होता, पण आपण घाटावर घेतो तो नाही, बंद खोलीतला.

निघताना ताई म्हणाल्या, पट्टीवर सभासद नंबर आहे, रजिस्टरमधनं नाव काढून देऊ का? त्यांनी रजिस्टर ओढलंही. मी नको म्हटलं. का नको म्हटलं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मला भीती वाटली, हे पहिलं. आणि दुसरं असं की नाव समजलं, चेहरा समजला, की मी त्यांना समजावायला गेले असते, माझी बाजू सांगितली असती, कादंबरी आहे, कल्पना आहे, थोडं स्वातंत्र्य असतं वगैरे, आणि त्यांनी सभ्यपणानं ‘हो हो, छानच आहे पुस्तक’ म्हटलं असतं. मग मला चार शब्द मिळाले होते तेही गेले असते. आता ते तसेच राहिले आहेत, कुणाचे ते माहीत नसलेले. मोठ्या प्रकाशनसंस्थेत चांगला संपादक मिळाला तर तो म्हणे शेजारी बसून वाक्यावर बोट ठेवतो. माझ्या नशिबी तो नव्हता, पण कुणीतरी उन्हाळ्याच्या दुपारी माझं पुस्तक इतक्या लक्षपूर्वक वाचलं, की ११२ पानावर थांबून, उठून, पेन्सिल शोधून आणली. ती पेन्सिल शोधायला उठणं मला सारखं दिसतं.

मग ते पान पुन्हा लिहायला घेतलं. पहिलं एका सकाळी झालं होतं, हे अकरा सकाळी चाललं. अडचण अशी की काही घडतच नाही. सहा तास आहेत आणि त्यात एक बुडबुडा, थोडी झुरळं आणि एक बाई जी दर थोड्या वेळानं मोरीत डोकावते. लोंढा लिहिणं सोपं होतं, लोंढ्याला क्रियापदं आपोआप सुचतात. हळू चढणाऱ्या पाण्याला काही सुचत नाही. चौथ्या सकाळपर्यंत मी त्या बाईला उगाच रडवत होते, देवाचं नाव घ्यायला लावत होते. मग ते सगळं काढून टाकलं आणि तिला काम दिलं. तिच्याकडं एका गिऱ्हाइकाचे ब्लाऊज आहेत, सकाळी द्यायचेत, ती हुक लावत बसलीय. हुक लावते, उठते, बघते, बसते. ‘जाळीवर पाणी आलं होतं. तिनं पाटा सरकवून जाळीवर ठेवला आणि उरलेले दोन हुक लावले.’ एवढं लिहून झालं तेव्हा नळाला पाणी आल्याचा आवाज आला, पिंपात धार पडायला लागली, आणि मी उठलेच नाही. सासूबाईंनी येऊन पिंप भरलं. संध्याकाळी त्यांना वाचून दाखवलं. त्या ऐकत होत्या, मधेच म्हणाल्या, “पाटा ठेवून काय होणार हाय?” मी म्हटलं, काही नाही होणार. “होय,” त्या म्हणाल्या, “पण ठेवलाच असता मी बी.” आणि शिलाई मशीन? तेही वाहून जात नाही आता. पाणी ओसरल्यावर जागेवरच असतं, चाकात गाळ भरलेलं. ते तिला सहा दिवस पुसत बसावं लागतं. पहिल्या आवृत्तीत ती मशीन गेलं म्हणून रडते आणि प्रकरण संपतं. आता प्रकरण संपवायला मला आणखी नऊ पानं लागली.

नवी आवृत्ती पन्नासच प्रतींची काढली, डिजिटल छपाई. पहिल्या वेळी नुसत्या छपाईला एक प्रत ९५ रुपयांना पडली होती, आता १६५ ला. पहिल्या आवृत्तीतल्या अजून सत्तर-एक दिवाणाखाली आहेत, त्या मी विकायच्या बंद केल्यात. नवऱ्यानं एकदा विचारलं, त्यांचं काय करायचं? मी म्हटलं, राहू देत. कलकत्त्याला, चेन्नईला, दिल्लीला आणि मुंबईला पुन्हा एकेक प्रत पाठवली. पोस्टातल्या बाईंनी मला ओळखलं.

वाचनालयातली जुनी प्रत मात्र बदलून घ्यावी म्हणून नवी घेऊन गेले. तेव्हा ताईंनी सांगितलं की तसं करता येत नाही, तिला दाखल क्रमांक पडलाय, ती काढायची म्हणजे निर्लेखनाचा ठराव लागतो, पुस्तक फाटलेलं किंवा भिजलेलं असायला लागतं, आणि तुमचं तर चांगलं आहे. मग त्यांनी नव्या प्रतीला नवा क्रमांक घातला, मागं कोरी पट्टी चिकटवली, आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या. खालून चौथ्या कप्प्यात. आता कादंबऱ्या त्यांनी वर घेतल्यात.

जुनी प्रत आधी काढून बघते. पेन्सिल पुसट होत चाललीय, पण वाचता येते. मग नवी काढते. तिच्या पट्टीवर आत्तापर्यंत एक शिक्का आहे. मी ते पान उघडते, समास बघते, खिडकीकडं धरून तिरकं करूनही बघते. अजून तरी कुणी काही लिहिलेलं नाही.